चार वॅटचा आवाज

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

जेवणं उरकली असतील, भांडी पालथी घातली असतील आणि आता कुठे जरा पाठ टेकून तुम्ही रेडिओ लावला असेल. आपला रेडिओ म्हणजे आम्ही इथून बोलायचं आणि तुम्ही तिथे ऐकायचं. आज मी ज्याची गोष्ट सांगणार आहे, तो रेडिओ ऐकणाऱ्याला उलट बोलूही देतो. त्याचं नाव सिटिझन्स बँड, म्हणजे नागरिकांचा पट्टा. सगळे त्याला नुसतं 'सीबी' म्हणतात. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचा तो जिवाभावाचा सोबती.

हा विषय माझ्याकडे आला तो माझ्या भाचीमुळे. धाकट्या बहिणीची मुलगी. लग्न होऊन अमेरिकेला गेली. नवरा ट्रक चालवायचा, पुढे हिनेही जड वाहनाचा परवाना काढला. आता दोघं जोडीने चालवतात. तिथल्या नियमाने एका चालकाला सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. त्यामुळे एक चालवतो, दुसरा मागच्या बर्थवर झोपतो आणि ट्रक चालू राहतो. इतके दिवस ते कंपनीचा ट्रक चालवत होते. यंदा त्यांनी हप्त्यावर स्वतःचा जुना ट्रक घेतला आणि एका रविवारी तिचा फोन आला.

"मावशी, सीबी घ्यायचाय. सगळं मिळून दीडशे डॉलरच्या वर जायचं नाही. कोणता सेट घेऊ, अँटेना कोणती लावू? तू रेडिओवाली ना, सांग!"

मी म्हटलं, "अगं, हातात मोबाईल असताना हे खूळ कशाला?"

तेव्हा तिने मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगितली. वायोमिंग राज्यात, लॅरामी आणि रॉलिन्सच्या मधला इंटरस्टेट ८०. हा रस्ता वाऱ्यासाठी आणि उडत्या बर्फासाठी बदनाम आहे. रात्र होती, नवरा मागे झोपला होता, मोबाईलला रेंज नव्हती. कंपनीच्या ट्रकमध्ये आधीच्या चालकाने ठेवलेला एक जुनाट सीबी होता, तो हिने सोबत म्हणून चालू ठेवला होता. त्यातून एक खरखरीत आवाज आला, की पश्चिमेकडे जाणाऱ्यांनो सावकाश, पुढच्या चढापलीकडे गाड्या एकमेकींवर चढल्यात, दोन्ही लेन बंद आहेत. हिने वेग कमी केला. चढ ओलांडला, तर समोर आडवे पडलेले ट्रेलर. ती थांबू शकली.

ते ऐकताना मला माझे वडील आठवले. तेही ट्रकच चालवत, पुणे-बंगळूर रस्त्यावर. त्या काळी आपल्या ट्रकवाल्यांचा रेडिओ म्हणजे हॉर्न, डिपर आणि हात. गाडी बंद पडली की मागे झाडाची फांदी टाकायची, चार दगड मांडायचे. खंबाटकीच्या घाटात एका धुक्याच्या रात्री पुढे बंद पडलेल्या ट्रकमागे फांदी होती, पण धुक्यात ती दिसलीच नाही. वडील वाचले. क्लीनरचा पाय गुडघ्याखाली गेला. आम्हाला घरी कळलं ते तिसऱ्या दिवशी, किराणा दुकानातल्या फोनवर. ते तीन दिवस आई उंबऱ्यावर बसून होती. पुढे ट्रक आडवा आहे, एवढे चार शब्द सांगणारं कुणी त्या घाटात असतं तर, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही.

म्हणून मी भाचीला म्हटलं, पंधरा दिवस दे, वाचून सांगते. मी शोधायला बसले होते किमती. हाती लागला तो इतिहास, आणि कोणता सेट घ्यायचा याचं उत्तर त्या इतिहासातच होतं.

गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धापाशी. आल्फ्रेड ग्रॉस नावाचा एक तरुण, जन्म कॅनडातल्या टोरांटोचा, वाढला अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला. १९३८ साली, विशीत असताना, त्याने हातात धरून बोलता येईल असा रेडिओ बनवला. युद्धात अमेरिकी गुप्तचर खात्याने त्याला बोलावून घेतलं. जमिनीवरच्या हेराला वरून जाणाऱ्या विमानाशी बोलता यावं आणि शत्रूला पत्ता लागू नये, अशी यंत्रणा त्याच्या मदतीने तयार झाली. तिचं नाव 'जोन-एलिनॉर'. एक नाव सैन्यातल्या स्त्री-अधिकाऱ्याचं, दुसरं एका अभियंत्याच्या बायकोचं. यंत्रांना बायकांची नावं देण्याची हौस पुरुषांना सगळीकडेच, नाही का!

युद्ध संपत आलं तसा प्रश्न आला, हे तंत्र सामान्य माणसाला का मिळू नये? तिथे रेडिओलहरींचा कारभार पाहणारी सरकारी संस्था आहे, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन. १९४५ मध्ये तिने नागरिकांसाठी एक पट्टा राखून ठेवायचं ठरवलं. डॉक्टर, शेतकरी, कारागीर, कुणीही परीक्षा न देता वापरावा, अशी कल्पना. ग्रॉसने कंपनी काढली आणि १९४८ मध्ये नागरी वापराच्या त्याच्या सेटला मंजुरी मिळाली. एक लाखाहून जास्त सेट विकले गेले, त्यातले बरेच शेतकऱ्यांनी आणि तटरक्षक दलाने घेतले.

पण हा पहिला पट्टा ४६० मेगाहर्ट्झच्या आसपास होता. एवढ्या वरच्या कंपनसंख्येवर नीट चालणारं यंत्र त्या काळी महाग पडे आणि त्याचा पल्लाही तोकडा असे. म्हणजे हक्क सगळ्यांना, पण सेट परवडणार मोजक्यांना. आपल्याकडच्या कितीतरी योजनांसारखंच की हे! कागदावर सगळं असतं, खिशात काही नसतं.

मग सप्टेंबर १९५८ मध्ये कमिशनने मोठं पाऊल उचललं. हौशी रेडिओवाल्यांकडे असलेला २७ मेगाहर्ट्झचा भाग काढून घेतला आणि तिथे २३ चॅनेल नागरिकांना दिले. हौशी मंडळींनी बरीच नाराजी दाखवली. पण २७ मेगाहर्ट्झवर साध्या भागांतून स्वस्त सेट बनू शकत होता. नागरिकांचा पट्टा खऱ्या अर्थाने नागरिकांचा झाला तो इथे.

स्वस्ताईची किंमत मात्र अँटेनाला मोजावी लागली. ते कसं, सांगते. २७ मेगाहर्ट्झची एक लहर सुमारे ११ मीटर लांब असते. दोन सहावारी साड्या टोकाला टोक लावून पसरा, बरोब्बर तेवढी. गाडीवर लावायची अँटेना नीट काम करायला लहरीच्या पाव लांबीची हवी, म्हणजे पावणेतीन मीटर, निम्मी सहावारी. नऊ फुटांचा दांडा! जुन्या ४६० मेगाहर्ट्झला वीतभराहून लहान अँटेना पुरत होती. सेट स्वस्त झाला आणि अँटेना अवघड झाली. हा तिढा १९५८ पासून आजतागायत सुटलेला नाही.

सुरुवातीचे सेट दिव्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे. प्रत्येक चॅनेलसाठी वेगळे स्फटिक लागत. स्फटिक महाग, म्हणून गरीब माणूस चार-पाच चॅनेलचाच सेट घ्यायचा. प्लंबर, कंत्राटदार, शेतकरी, छोट्या बोटीवाले असे लोक तो वापरत. नियम कडक होते. परवाना हवा, आपली सरकारी खूण सांगायची, सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही आणि नुसत्या गप्पा तर मुळीच मारायच्या नाहीत. १९६२ मध्ये 'रिअ‍ॅक्ट' ही स्वयंसेवी संघटना निघाली. तिचे सभासद आपापल्या घरी सेट चालू ठेवून बसत आणि रस्त्यावरून कुणी मदत मागितली तर फोन करून पोलिसांना, रुग्णवाहिकेला कळवत. १९७० मध्ये ९ नंबरचा चॅनेल फक्त संकटकाळासाठी राखून ठेवला गेला.

आणि मग आलं १९७३. त्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं. डिझेलचे भाव चढले, पंपांवर रांगा लागल्या, काही पंप तर बंदच राहू लागले. त्यात इंधन वाचवायला सगळ्या देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. जानेवारी १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. ५५ मैल म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. स्वतःचा ट्रक असलेल्या माणसाला पैसे मिळतात ते मैलांवर. वेग कमी, डिझेल महाग आणि ट्रकचा हप्ता मात्र तेवढाच. आपल्या वाहतूकदारांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

डिसेंबर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियात, त्याच इंटरस्टेट ८० वर, एका ट्रकवाल्याचं डिझेल संपत आलं. त्याने ट्रक रस्त्यातच उभा केला आणि सीबीचा माईक उचलला. सीबीवर त्याचं टोपणनाव होतं 'रिव्हर रॅट'. काही वेळातच तिथे शेकडो ट्रक उभे राहिले. चक्का जाम! ओहायो आणि इतर राज्यांत तेच लोण पोचलं. नेता नाही, कचेरी नाही, पत्रक नाही. माणसाने माणसाला रेडिओवर सांगितलं, एवढंच. पुढे १९७४ च्या सुरुवातीला मोठा संप झाला. त्यात दगडफेक झाली, गोळीबार झाले, माणसंही गेली. ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण सरकारला ट्रकवाल्यांशी बोलावं लागलं आणि वाढत्या डिझेलसाठी भाड्यावर अधिभार घ्यायची मुभा त्यांना मिळाली.

त्या दोन वर्षांत सीबी ट्रकवाल्याच्या हातातलं हत्यार बनला. कोणत्या पंपावर डिझेल आहे, पुढे वजनकाटा उघडा आहे का, पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे सगळं त्यावर कळायचं. पोलिसाला ते 'स्मोकी' म्हणत. वणव्यापासून सावध करणाऱ्या सरकारी जाहिरातीतल्या टोपीवाल्या अस्वलाचं ते नाव, कारण पोलिसांची टोपी तशीच होती. 'टेन-फोर' म्हणजे समजलं. 'तुझी ट्वेंटी काय?' म्हणजे तू आहेस कुठे? आधी ट्रकवाले बोलत ते १० नंबरवर. पण त्यांचा आवाज शेजारच्या ९ नंबरच्या संकटकालीन चॅनेलवर झिरपायचा, म्हणून ते १९ वर गेले. आजही तिकडच्या महामार्गांवर ट्रकवाल्यांचा चॅनेल म्हणजे १९.

इथून पुढे सीबीची जी लाट आली, ती विचारू नका. १९७५ मध्ये परवान्याची फी २० डॉलरवरून ४ डॉलर झाली. ट्रकवाल्यांच्या तांड्यावरचं 'कॉन्व्हॉय' हे गाणं जानेवारी १९७६ मध्ये तिथल्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. महिन्याला लाखांनी अर्ज येऊ लागले, कमिशनच्या कारकुनांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड १९७६ च्या निवडणूक प्रचारात सीबीवरून लोकांशी बोलायच्या. त्यांचं टोपणनाव होतं 'फर्स्ट मामा'.

गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७ पासून २३ चे ४० चॅनेल करावे लागले. त्याच सुमारास सेटच्या आतली रचनाही बदलली. चॅनेलगणिक स्फटिकं लावायची गरज उरली नाही, एका छोट्या चकतीने सगळे चॅनेल बनू लागले. त्यातच ४० चॅनेल येणार म्हटल्यावर २३ चॅनेलचे सेट कुणी घेईना. दुकानांत ढीग पडले, किमती गडगडल्या, बरेच कारखानदार बुडाले. ज्यांनी डोळे मिटून माल भरला होता ते रडले, आणि ज्या ट्रकवाल्याला आतापर्यंत परवडत नव्हतं, त्याने स्वस्तात सेट उचलला. सरकारचीही परवाने देता देता दमछाक झाली आणि एप्रिल १९८३ मध्ये परवाना काढून टाकला गेला. तेव्हापासून तिथे कुणीही साधा मंजूर सेट आणावा, गाडीत लावावा आणि बोलावं.

आता जरा आपल्या कामाचा प्रश्न विचारते. या सगळ्यात बायका कुठे होत्या?

होत्या, पण त्यांना जागा सुखासुखी मिळाली नाही. टेक्सासमध्ये लिली ड्रेनन नावाची बाई १९२९ मध्ये ट्रकचा व्यावसायिक परवाना मिळवणारी अमेरिकेतली पहिली स्त्री ठरली. तिला ऐकू कमी यायचं. परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं, पण ती मागे हटली नाही. तिने स्वतःची ट्रक कंपनी वर्षानुवर्षं चालवली. सीबी आला तेव्हा घरात सेट लावून ९ नंबर ऐकत बसणाऱ्या स्वयंसेवकांत स्त्रियाही होत्या. पण १९ नंबरवर बाईचा आवाज आला की शेरे सुरू. मोटारीतल्या देखण्या बाईला तिथे 'सीट कव्हर' म्हणायचे. म्हणजे बाई ही सीटवर घालायची वस्तू. याहून घाण शब्दही होते, ते मी इथे उच्चारणार नाही. चेहरा दिसत नाही, नाव कळत नाही, म्हटल्यावर जीभ सैल सुटते. आज मोबाईलवर आपल्या मुली जे सोसतात, त्याचा जुना अवतार तो. २००७ मध्ये तिथे 'विमेन इन ट्रकिंग' ही संघटना उभी राहिली, ती या धंद्यात बायकांची वाट थोडी तरी सरळ व्हावी म्हणून.

मी भाचीला विचारलं, तुला त्रास होतो का? म्हणाली, "होतो कधीकधी. मी बोलले की आधी शांतता, मग फाजीलपणा. मी उत्तर देत नाही. पण रस्त्याची खबर द्यायची असेल तेव्हा ठणकावून देते. त्या वेळी कुणी हसत नाही."

सीबीवर प्रत्येकाला एक टोपणनाव लागतं. तिने घेतलंय 'खंबाटकी'. आजोबांच्या घाटाचं नाव. तिथल्या लोकांना ते धड उच्चारता येत नाही, पण ते ओळखतात.

तर आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. इतिहासाने मला तीन गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट चार वॅटची. तिथल्या कायद्याने साध्या सीबीला चारच वॅट ताकद वापरता येते. सर्वांत स्वस्त सेट चार वॅटचा आणि सर्वांत महागही चार वॅटचाच. मग महागात काय मिळतं? बरा स्पीकर, इंजिनाची खरखर गाळणारी सोय, जरा तीक्ष्ण कान, रात्री उजळणारी बटणं. कोब्रा २९ सारखी मॉडेलं ट्रकवाल्यांत अनेक वर्षं नावाजलेली आहेत, ती मजबूत असतातही. पण दीडशे डॉलरमध्ये सगळं बसवायचं तर सेट शंभर डॉलरच्या आतला साधा, ४० चॅनेलचा घ्यावा. त्यात तीन गोष्टी मात्र बघाव्यात. खरखर बंद करणारा स्क्वेल्च, इंजिनाचा आवाज कमी करणारी सोय आणि सरकारी हवामानवार्ता ऐकवणारे चॅनेल. बर्फातून जाणाऱ्याला ही शेवटची गोष्ट चैनीची नाही.

दुसरी गोष्ट अँटेनाची. उरलेले पैसे अँटेना, केबल आणि ती बसवायचा खिळा यांत घालावेत. इथे मला आमच्या केंद्राची पहिली पावसाळी सर आठवते. आपला आवाज तीन गावांपलीकडे जाईना. आम्ही प्रक्षेपकाला शिव्या घालत बसलो. शेवटी मनोऱ्यावर चढून पाहिलं, तर केबलच्या जोडात पाणी शिरलेलं. जोडाला पट्टी गुंडाळायची मीच विसरले होते. यंत्र ठणठणीत होतं, आवाज वाटेतच बुडत होता.

नऊ फुटी दांडा ट्रकवर लावता येत नाही. तिथे वाहनाची उंची बहुतेक ठिकाणी साडेतेरा फुटांपर्यंतच चालते, पुलाखालून जायचं असतं. म्हणून तीन-चार फुटांच्या फायबरच्या काडीवर तार गुंडाळून अँटेनाची लांबी वीजगणितात पुरी करतात. फायरस्टिक, विल्सन ही नावं त्यासाठी ओळखीची आहेत. गुंडाळी काडीच्या वरच्या भागात असलेली चांगली, कारण बरीचशी काडी टपाच्या वर राहते. अँटेना आरशाच्या दांड्याला लावतात. दोन्ही आरशांना एकेक अशा दोन अँटेना लावायची पद्धत पडली ती मागच्या उंच ट्रेलरमुळे. एका बाजूची अँटेना ट्रेलरच्या आडोशाला जाते. पण दोन अँटेना म्हणजे खास जोडकेबल, दोन जोड आणि बिघडायच्या दुप्पट जागा. हात आखडता असेल तर आधी एकच घ्यावी, पण उत्तम घ्यावी.

अँटेनाला पाठीशी लोखंड लागतं. गाडीचं धातूचं अंग हीच तिची अर्धी बाजू. आजकालच्या ट्रकची टपं आणि बॉनेट बऱ्याचदा फायबरची असतात. आरशाचा दांडा रंगवलेला, खाली रबर. मग अँटेना नुसती लटकत राहते. तिथला रंग खरवडून, जाड तारेने तो दांडा ट्रकच्या चौकटीला जोडावा लागतो. काम दोन डॉलरचं, पण त्यावाचून बाकीचे पैसे पाण्यात.

आणि तिसरी गोष्ट मोजणीची. नळाला पाईप नीट बसला नाही की पाणी पुढे न जाता तोंडावर उडतं, तसं अँटेना नीट जुळली नाही की ताकद परत सेटमध्ये येते. किती परत येते हे दाखवणारं एक छोटं मीटर असतं. त्याला एसडब्ल्यूआर मीटर म्हणतात. त्यात तीन आकडा आला तर पाव भाग ताकद परत येतेय. दीड आला तर शंभरातले चारच भाग. दोनच्या खाली समाधान, दीडच्या खाली आनंद. मोजायचं १, १९ आणि ४० नंबरवर. १ वर आकडा जास्त असेल तर अँटेना आखूड आहे, ४० वर जास्त असेल तर लांब. टोकाचा स्क्रू त्याप्रमाणे वरखाली करायचा. मीटर विकत घ्यायला नको, कुणाकडून तासभर मागून आणावं.

एक धोक्याची सूचनाही दिली. ट्रकतळांवरच्या दुकानांत गोड बोलून ताकद वाढवून देणारे भेटतात. वेगळा डबा जोडतात किंवा सेटच उघडतात. ते बेकायदा आहे आणि बिनकामाचंही. चाराचे आठ वॅट केले तरी समोरच्याला फरक जेमतेम कळतो. आणि ताकद वाढवून तुमचा आवाज मोठा होतो, कान तीक्ष्ण होत नाहीत. चांगली अँटेना बोलायलाही मदत करते आणि ऐकायलाही. वायोमिंगच्या त्या रात्री जीव वाचला तो ऐकल्यामुळे.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे तर १९८० च्या दशकापर्यंत नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, तुमच्यापैकी अनेकींना ते पुस्तक आठवत असेल. नागरिकांना बोलायचा पट्टा मिळायला फार उशीर झाला. २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झचा छोटा भाग परवान्यातून मुक्त झाला, तोही कमी ताकदीच्या आणि अंगातच अँटेना असलेल्या सेटसाठी. म्हणजे ट्रकवर काडी उभारायची सोय त्यात नाही. तेव्हा कुणाच्या मुलाने तिकडून सेट आणला तरी इथे जोडण्याच्या फंदात पडू नका. नियमाचं तर आहेच, शिवाय तिकडचे ट्रक १२ व्होल्टचे आणि आपले मोठे ट्रक २४ व्होल्टचे. सेट जळून जाईल. आपल्या राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा नंबर लक्षात ठेवा, घरातल्या ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये आजच घालून द्या.

पण हक्काचा विचार आपल्याकडेही झाला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ मध्ये गावातल्या संस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी मिळाली. म्हणूनच आज मी, एका ट्रक ड्रायव्हरची मुलगी, पन्नास वॅटच्या प्रक्षेपकावरून तुमच्याशी बोलते आहे. आपल्याला अजून बातम्या स्वतःच्या स्वतः द्यायची मुभा नाही, ही खंत आहेच. चार वॅटवाल्या ट्रकवाल्याला रस्त्याची बातमी सांगता येते आणि आपल्याला आपल्या तालुक्याची नाही, याचा विचार कधीतरी व्हायला हवा.

भाचीने सेट घेतला, एकच अँटेना लावली. पहिल्यांदा मीटरने तीनच्या वर आकडा दाखवला. फोनवर रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, रंग खरवडलास का? नव्हता खरवडला. खरवडला, तार जोडली, आकडा दीडच्या खाली आला. एकूण खर्च एकशे अडतीस डॉलर.

परवा मी तिला सहज विचारलं, त्या रात्री वायोमिंगला तू थांबलीस, पण तुझ्या मागच्या गाड्यांचं काय झालं गं? म्हणाली, "मावशी, थांबल्यावर आधी माईक उचलला. हात थरथरत होते. तेच चार शब्द मी मागे सांगत राहिले, वीस मिनिटं. मागचा ट्रक थांबला, त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं."

मी आईला हे सांगितलं. आई आता ऐंशीच्या घरात आहे, तिला सीबी-बिबी काही कळत नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मागच्या सगळ्यांच्या बायकांना कळलं ना वेळेवर?"

कळलं, आई.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं कुणी आज रात्री रस्त्यावर असेल तर त्यांची खुशाली विचारा, पण गाडी उभी असेल तेव्हाच फोन करा. पुन्हा भेटू. नमस्कार.